निगुडकरांची घोंगडी

“पण बुवा, माझ्या सुतात खोट काय आहे, एवढं तरी सांगाल की नाही?”

रेवणबुवा मठाच्या ओसरीवर शेंगा सोलत होते. सोलत राहिले.

विचारणारे निगुडकर भूमापन खात्यातले निवृत्त अधिकारी. आयुष्यभर लोकांच्या शेतांच्या हद्दी सरळ करून झाल्यावर त्यांना परमार्थ सुचला होता, आणि तोही आखीव हवा होता.

जतकडच्या माळावरच्या त्या मठाची रीत साधी होती. अनुग्रह हवा असेल त्याने चातीवर, म्हणजे लोंबत्या टकळीवर, लोकर कातावी. त्या सुताची घोंगडी विणून घ्यावी. बुवा ती पांघरून एक रात्र झोपत. झोप लागली, तर अनुग्रह.

निगुडकरांचं सूत विणकरापर्यंतही पोचलं नव्हतं. बुवा हातात घेत आणि परत देत.

“बार्शीच्या त्या पेढेवाल्याला दिलात की अनुग्रह! सूत होतं का ते? मध्येच शेवई, मध्येच दोरखंड. कातता कातता डुलक्या काढायचा माणूस...”

“घोंगडी उबदार होती,” बुवा म्हणाले.

“आणि माझा धागा बघा. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा. चाती क्षणभर मोकळी सोडत नाही मी. वीतभर धागा झाला की तपासतो, पुन्हा पिळतो, मगच पुढं.”

“दिसतंय.”

“मग?... बुवा, घरी सांगून आलोय, अनुग्रह घेऊनच परत येईन. आता फोनवर बायकोसुद्धा त्याचं नाव काढत नाही. जेवलात का, एवढंच विचारते.”

बुवांनी शेंगा बाजूला सारल्या.

“आणा.”

निगुडकरांनी चाती पुढं केली. बुवांनी तिच्यावरचा हातभर धागा उलगडून सैल धरला. तो लगेच स्वतःभोवतीच वळला, आक्रसला, डिवचलेल्या गांडुळासारखा.

“हे हवेतल्या ओलाव्यानं होतं,” निगुडकर म्हणाले.

त्या माळावर गेल्या वर्षीपासून पाऊस नव्हता.

बुवा उठून उभे राहिले. धाग्याचं टोक चिमटीत धरलं आणि चाती खाली सोडून दिली.

ती उलटी फिरू लागली. आधी हळू, मग भराभर.

“अहो बुवा! पीळ चालला! सगळं सुटेल!”

निगुडकर चाती धरायला झेपावले. बुवांनी मोकळ्या हातानं त्यांचं मनगट पकडलं.

“सोडा... सोडा बुवा, माझं आहे ते!”

बुवांनी सोडलं नाही.

चाती फिरत राहिली. मग दमली. थोडी सुलट आली, थोडी उलट गेली... थांबली.

धागा शाबूत होता. बुवांनी तो पुन्हा सैल धरला. तो वळला नाही, आक्रसला नाही. नुसता मऊ लोंबत राहिला.

निगुडकरांनी तो बोटांनी चाचपला. पुन्हा चाचपला. आपलं मनगट आता कुणी धरलेलं नाही, हे त्यांच्या जरा उशिराच लक्षात आलं.

“सगळ्याच सुताचं असं होईल?”

“होईल. हात लावला नाहीत तर.”

निगुडकरांनी धागा हातातून सोडला. चेहरा उतरला होता.

“पण मग बुवा... त्यात माझं असं काय राहिलं?”

बुवांनी चाती त्यांच्या हातात ठेवली.

“फारसं नाही,” ते म्हणाले. “टाका आता विणायला.”