निषेधपोथीतली अंगाई

एका राज्यात एके काळी जात्यावर गाणी होती, मोटेवर होती, पाळण्याशीही होती. काय दिवस होते ते! बकरीच्या कातड्याच्या पानांवर लोक आपल्या साध्या बोलीत ती लिहूनही ठेवत.

मग मठाच्या महंतांनी राजाच्या संमतीने आज्ञा काढली, "पानांवर फक्त देवभाषा राहील." मठाचा चाकर म्हाळोजी चाकूने गाणी खरवडू लागला आणि त्या पानांवर मंत्र लिहिले गेले. हुकूमच तो, बिचारा काय करणार! शेवटचे पान खरवडले आणि राज्याला शाप लागला. लोकांच्या ओठांवरचीही गाणी पुसली गेली. अंगाईवाचून मुले झोपेनात, आणि सात दिवस जागलेले मूल आठव्या दिवशी दगड होई.

म्हाळोजीची नात गोजरा सहा दिवस जागी होती.

तेव्हा अंगणातली साळुंकी बोलली, "म्हाळोजी, तीन कामे कर. चाकू नदीला दे. नदी देईल त्याने मठातले लोखंडी कपाट उघड. आत सापडेल ते बंदी घालणाऱ्याच्याच तोंडून वाचून घे."

नदीने चाकू घेतला, किल्ली दिली. कपाटात जाडजूड पोथी होती. महंत मोठे काटेकोर! एकही निषिद्ध गाणे खरवडायचे राहू नये, म्हणून प्रत्येक गाणे त्यांनी अथपासून इतिपर्यंत त्या निषेधपोथीत उतरवून ठेवले होते. म्हाळोजीला हसावे की रडावे कळेना.

सातव्या दिवशी सूर्य कलताना तो गोजराला कडेवर घेऊन महंतांपुढे उभा राहिला. पोरीचे पाय गार आणि टणक झाले होते.

"पहिले पान वाचावे, महाराज."

"ते निषिद्ध आहे."

"अक्षर आपलेच आहे."

महंतांनी पोरीचे पाय चाचपले आणि पोथी उघडली.

"नीज माझ्या गोंद्या, गाय आली दारी..."

ते थांबले. "गोंद्या म्हणजे मी, म्हाळोजी. हे माझ्या आईचे गाणे. यादी करताना सर्वांत आधी हेच आठवले होते."

गोजराचे पाय ऊबदार झाले, डोळे मिटले. बाहेर घराघरांतून आयांचे सूर उठले. राजाने बंदी उठवली आणि पोथीतून ज्याचे गाणे त्याला उतरवून घेऊ दिले.

"महाराज, पोर झोपली," म्हाळोजी म्हणाला.

"झोपू दे. माझी दुसरी ओळ राहिली आहे," महंत म्हणाले, आणि आवाज लहान करून वाचू लागले.