डोंगराआडचं केंद्र

एकदा एका वृद्ध गुरुजींना आणि त्यांच्या पन्नाशीतल्या शिष्याला एक विलक्षण नाद जडला होता. नव्या गावी जाण्याआधी ते नकाशा पसरत. केंद्राच्या प्रक्षेपण मनोऱ्याची उंची, अंतर, मधले डोंगर पाहून तिथे दूरची कोणती एफएम केंद्रं लागतील, हे वहीत लिहीत आणि मग गावात रेडिओ लावून पडताळा घेत. शिष्याचा हात इतका बसला की विसात अठरा अंदाज खरे ठरू लागले. मग त्याने पडताळा घेणंच सोडलं. नोकरी, आईचं अंथरूण, दमलेलं शरीर. बसल्या जागी तो 'येते', 'येत नाही' असे शेरे मारू लागला. थकलेल्या माणसाची खात्री फार लवकर पटते.

बदली होऊन तो घाटाखालच्या गावी आला, तेव्हा डोंगरापलीकडच्या शहराचं केंद्र त्याने पहिल्याच दिवशी लिहून टाकलं : येत नाही. त्या केंद्रावर त्याची थोरली बहीण कुमुद निवेदिका होती. अंथरुणाला खिळलेली आई रोज विचारी, "कुमुदचं केंद्र लागतं का रे?" तो म्हणे, "मध्ये डोंगर आहे, आई." अशी दोन वर्षं गेली.

एका दुपारी गुरुजी भेटीला आले. त्याच दिवशी कुमुद निवृत्त होणार होती. शिष्याने ते आईला सांगितलंही नव्हतं; सांगून काय होणार?

आईने गुरुजींनाही तेच विचारलं. गुरुजी शिष्याकडे वळले. "लावून पाहिलंस?"

"नकाशाच सांगतोय, गुरुजी."

"माळ्यावरचा अँटेना काढ. गच्चीवर चढ आणि त्याचं तोंड समोरच्या कड्याकडे कर."

"अहो, शहर पूर्वेला. कडा पश्चिमेला!"

"कर तू."

म्हाताऱ्याला दिशाही उमगेनाशा झाल्या, असं मनाशी म्हणत तो वर गेला. अँटेना फिरवत ओरडला, "आलं का?"

"नाही!"

"आता?"

"नाही!"

आणखी जरा फिरवल्यावर खालून उत्तरच येईना. तो चिडून खाली आला. आईचा हात रेडिओवर होता. खरखरीतून कुमुद बोलत होती, "...इतकी वर्षं ऐकलंत. आज शेवटचं. येते मी."

आई म्हणाली, "किती दमलाय रे आवाज तिचा. आजच लागलं, आणि आजच संपलं?"



गुरुजी हळूच म्हणाले, "डोंगराने सरळ वाट अडवली, हे तुझं खरंच होतं. पण डोंगरमाथ्यावरून गेलेली लहर समोरच्या कड्यावर आदळून माघारी येते, बाबा. ती नकाशात दिसत नाही, कान लावावा लागतो. अंदाज हा शोधायला निघण्यापुरता असतो. तू दमला होतास, म्हणून त्यालाच उत्तर समजलास."

संध्याकाळी शिष्याने वही उघडली. 'येत नाही' खोडलं. 'येते' लिहायला हात उचलेना. शेवटी त्याने लिहिलं : दोन वर्षं लावून पाहिलं नाही.