धुरसड्यावरचा परका पहारेकरी

तुम्ही उभे आहात त्या जागेला धुरसडा म्हणतात. पावसाळ्यात हा सगळा सडा, म्हणजे हे कातळाचं पठार, हिरवा होतो, पिवळी फुलं येतात. मात्र टोकाकडचा तो घोंगडीएवढा तुकडा बघा. तिथे काही उगवत नाही. माझ्या आज्यानेही तो तसाच पाहिला होता. तिथे एका माणसाचं घर होतं आणि ते त्याने स्वतःच्या हाताने पेटवलं, असं सांगतात. बसा. सांगतो.

फार जुनी गोष्ट. तेव्हा या किनाऱ्यावर एक राजा नव्हता. तीन होते. उत्तरेच्या खाडीवर आडिवण्याचं राज्य, मध्ये आपलं पाजवली, आणि दक्षिणेला ते धूसर दिसतंय ते कासारबेट. राज्यं कसली, प्रत्येकाकडे तीस-चाळीस लढाऊ होड्या आणि एक बंदर. पण मान मोठा. एकमेकांचं तोंड बघत नसत.

पाऊस सरला, समुद्र शांत झाला की चाचे यायचे. कुठून यायचे ते कुणाला ठाऊक नव्हतं. दहा-बारा गलबतं घेऊन एका बंदरावर तुटून पडायचे, माणसं धरून न्यायचे, बाकीचं जाळायचे. शेजारची दोन बंदरं दुरून बघत राहायची. आपल्यावर आलं नाही, एवढंच समाधान. असं करत तिघेही लुटले गेले, कुणी दोनदा, कुणी तीनदा.

शेवटी तिन्ही राज्यांचे राजे, त्यांना नाईक म्हणत, ओहोटीच्या वेळी एका वाळूच्या दांड्यावर भेटले. भरती आली की तो दांडा पाण्याखाली जातो, म्हणून तो कुणाच्याच मालकीचा नव्हता. तिथे त्यांनी हातात समुद्राचं पाणी घेऊन शपथ घेतली. ज्याला गलबतं दिसतील त्याने आपल्या सड्यावर ओला पाला टाकून धूर करायचा. शेजाऱ्याने तो बघून आपला धूर करायचा आणि घरी काहीही चालू असो, होड्या लोटायच्या. धूर चालू आहे तोवर संकट आहे असं समजायचं. धूर थांबला की मागे फिरायचं.

एक शंका राहिली. खोटा धूर करून आपलं बंदर रिकामं करवलं तर? यावर आडिवण्याच्या म्हाताऱ्या नाइकाने तोड काढली, म्हणे. प्रत्येकाच्या सड्यावर पहारा शेजारच्या राज्यातल्या माणसाने करायचा. मग कुणाचा धूर खोटा असणार नाही.

तसा पाजवलीच्या या सड्यावर कासारबेटाचा सोमा सारंग आला. पस्तिशीचा, अबोल माणूस. घरी आई, बायको आणि दोन मुली. वर्षातून दोनदा त्याला बेटावर जायची मुभा होती. बाकीचे दिवस तो इथे झोपडीत राहायचा. सकाळी उठला की आधी दक्षिणेकडे बघायचा. बेटावरची घरं इथून दिसत नाहीत, नुसती टेकडी दिसते. तेवढी बघितली की तो कामाला लागायचा.

नऊ वर्षं करार पाळला गेला. दोनदा धूर झाला, दोन्ही वेळा तिघांच्या होड्या निघाल्या आणि चाचे समोरून बघूनच परतले. लोक निर्धास्त झाले. बेटावरच्या लोकांनी तर डोंगरातल्या लपायच्या गुहांकडे जाणारी वाटही साफ करायची सोडून दिली.

मग भांडण झालं. कारण मासेमारीच्या हद्दीचं. पाजवलीची काही जाळी कासारबेटाच्या लोकांनी कापली. आपल्या रायाजी नाइकाने निरोप धाडला, माफी मागा. तिकडून उत्तर आलं नाही. त्या आश्विनात वद्य पंचमीला, उन्हं वर आल्यावर, सोमाला बेटाच्या टेकडीवर धूर दिसला.

त्याने ताबडतोब इथला ढीग पेटवला. पाला टाकला, धूर सरळ वर चढला. मग खाली बंदराकडे बघितलं. होड्या जागच्या जागी. माणसं वल्ही घेऊन किनाऱ्यावर उभी होती, पण कुणी हलत नव्हतं. सोमा धावत उतरला.

रायाजी नाईक बंदराच्या पायरीवर उभा होता.

सोमा म्हणाला, "नाईक, बेटावर धूर आहे."

"दिसतोय मला."

"होड्या लोटायला सांगा."

"महिना झाला, माफीचा निरोप आलेला नाही. आता गरज पडली तेव्हा मी आठवलो?"

"भांडण नंतर करा. माझ्या मुली आहेत तिथे."

नाइकाने त्याच्याकडे बघितलं नाही. "थोडा वेळ बघू," म्हणाला. "कदाचित आपले आपण निभावतील."

सोमाने त्याचे पाय धरले, असं सांगतात. मग तो उठला आणि परत सड्यावर चढला. कारण आडिवण्याच्या होड्या त्याचा धूर बघून निघाल्या असणार आणि तो थांबला तर त्या मागे फिरणार. दुपारपर्यंत तो पाला टाकत राहिला. लाकडं संपत आली. मध्यान्हीनंतर बेटावरचा धूर बदलला. टेकडीवरचा थांबला आणि खालून, घरांच्या बाजूने, काळा धूर उठला. त्याला समजलं.

इथलाही ढीग विझला. उत्तरेला, खूप लांब, आडिवण्याच्या होड्यांचे ठिपके दिसत होते. ते रेंगाळले. तेवढ्यात दक्षिणेकडून शिडं आली. बेट संपवून चाचे आता पाजवलीकडे वळले होते.

त्या वेळी सोमा किती वेळ बसून राहिला, कुणी बघितलं नाही. खाली बंदरातून शिडं दिसत नव्हती, मध्ये हे टोक येतं. त्याने काहीच केलं नसतं तरी त्याला कुणी बोल लावला नसता. लाकूड नव्हतंच. मग सोमाने झोपडीतून पाण्याचं मडकं बाहेर आणून ठेवलं आणि झोपडी पेटवली. गवताचं छप्पर, दारं, बाज, सगळं. वर ओला पाला टाकला.

आडिवण्याच्या होड्या पुन्हा पुढे आल्या. इथला धूर पुन्हा उठला म्हणजे आता आपल्यावर आलं, हे ओळखून आपल्या लोकांनीही होड्या लोटल्या. खाडीच्या तोंडाशी दोन्हीकडून होड्या बघून चाचे खोल समुद्रात निघून गेले. पाजवलीत एक माणूस दगावला नाही.

रायाजी नाईक सड्यावर आला. म्हणाला, "तू आम्हाला वाचवलंस."

सोमा राखेशेजारी बसला होता. "मला पहाऱ्याला बसवलं होतं," तो म्हणाला. "आता बेटावर सोडा मला."

नाईक स्वतः होडीत बसला. दिवस मावळायच्या आत ते बेटाला लागले. वस्ती जळून गेलेली. चाच्यांनी धरून नेलेली माणसं गेली होती, बाकीची वाळूवर होती. आणि सगळी एकाच ठिकाणी होती, उत्तरेच्या पुळणीवर, जिथून पाजवलीची वाट दिसते. जिवंत सापडली ती एकटी सोमाची आई, ठकू. उलटून पडलेल्या होडीखाली.

नाइकाने तिला विचारलं, "डोंगरात का नाही गेलात? वेळ होता."

म्हातारीने त्याला ओळखलं नाही. ती म्हणाली, "जाणारच होतो. सून म्हणाली, त्यांनी धूर बघितलाय. तिथे आपलं माणूस आहे. होड्या येतील, त्यांना उतरायला मदत लागेल. म्हणून इथे थांबलो."

सोमाच्या बायकोचा आणि मुलींचा पत्ता कधीच लागला नाही.

आई होती तोवर सोमा बेटावर राहिला. ती गेल्यावर तो इथे परत आला आणि दुसरी झोपडी बांधून पहाऱ्याला बसला. नाइकाने घर देऊ केलं, ते घेतलं नाही. पाजवलीचं अन्नही त्याने कधी खाल्लं नाही. आडिवण्याहून त्याला शिधा यायचा. रायाजी नाईक पुढच्या वर्षी त्याच तिथीला होड्या घेऊन बेटावर गेला, आणि मग मरेपर्यंत दरवर्षी जात राहिला. त्याच्यामागे गावाने ते सोडलं नाही.

आजही आश्विन वद्य पंचमीला पाजवलीत चूल पेटत नाही. सकाळी बंदरातली प्रत्येक होडी लोटतात. आता इंजिनं आहेत, पण त्या दिवशी वल्ह्यांनीच जायचं. बेटावर वस्ती नाही. होड्या उत्तरेच्या पुळणीला लागतात, होड्यांचा म्होरक्या, म्हणजे तांडेल, गुडघाभर पाण्यात उतरतो आणि मोठ्याने म्हणतो, "पाजवलीच्या होड्या आल्या." मग सगळे थोडा वेळ उभे राहतात. कुणी वाळूवर पाय ठेवत नाही. मी बावीस वर्षं तांडेल होतो. ते तीन शब्द म्हणून झाल्यावर पुढे काय करावं, हे मला एकाही वर्षी समजलं नाही.