माळावरच्या पेठेची वास्तुशांत

रंगारी आळी पाडायची आणि सगळ्यांनी माळावरच्या नव्या पेठेत राहायला जायचं, अशी दवंडी पिटली गेली तेव्हा आळीत कोणाचे हात निळे होते, कोणाचे तांबडे. ते हात तसेच कमरेवर गेले.

आमची आळी नदीकाठची. नदी नाही तर रंग नाही, आणि रंग नाही तर पोट नाही. नवी पेठ कुठे, तर गावाबाहेरच्या उघड्या खडकावर. दिवाण त्र्यंबकपंतांनी ती कागदावर आखली होती आणि कागदावर ती फार देखणी होती. सरळ रस्ते, चौकात कारंजं, एकासारखं एक घर. बांधून वर्ष झालं, पण तिथे अजून कुत्रंसुद्धा मुक्कामाला गेलं नव्हतं. परगावचे पाहुणे मानसिंहराजांना विचारायचे, "या एवढ्या समाध्या कोणाच्या?"

राजांना ते फार लागलं. मग पंतांनी तोड काढली. लोक पेठेत जात नाहीत ना? त्यांची घरंच पाडा, जातील कुठे! शिवाय नदीकाठ मोकळा झाला की तिथे पाहुण्यांसाठी घाट, बाग, नावा. राज्याची भरभराट.

माझ्या भिंतीला भिंत लागून येसूवहिनीचं घर. ती दरबारात निघाली, मीही निघाले. माझं तिथे काही काम नव्हतं, पण घरी बसून मला काय कळणार होतं?

"आयती घरं मिळताहेत," राजे म्हणाले. "मग राहायला धाड भरली आहे का तुम्हाला?"

"तिथल्या अडचणी सांगायला तर आले, महाराज."

"अडचणी दिवाणांकडे सांगायच्या."

"सांगितल्या. ते म्हणाले, नकाशात एकही दिसत नाही."

दरबारात दोघे-तिघे खोकले. राजे तापले.

"जीभ फार चालते तुझी. मग तूच भर ती पेठ. पौर्णिमेला सूर्य मावळायच्या आत तिथल्या घराघरातून चुलीचा धूर निघाला पाहिजे. कोणावर जोर करायचा नाही, कोणाला पैसा द्यायचा नाही. जमलं तर आळी राहील. नाही जमलं तर दुसऱ्या दिवशी पहिलं घर तुझं पडेल."

पंत मिशीत हसले. त्यांनी वर्षभर जोरही करून पाहिला होता आणि पैसाही दाखवून पाहिला होता. मला मात्र आमची मधली भिंत आठवली. तिचं घर पडलं की तीही पडणार, म्हणजे माझंही घर उघड्यावर.

येसूवहिनी म्हणाली, "बरं. पण महाराज, त्या पेठेची वास्तुशांत कधी झाली?"

राजांनी पंतांकडे पाहिलं. पंत म्हणाले, "तोफा उडवल्या की. हारतुरे झाले."

"तोफांनी वास्तू शांत होते होय? ज्यानं घर बांधलं त्यानं पूजा करावी, दूध उतू घालवावं आणि त्या रात्री तिथेच निजावं. त्याआधी दुसरं कोण उंबरा ओलांडेल? आणि मालक तर आपण."

देवाधर्माच्या बाबतीत राजे हळवे. "राहिलंच की ते," म्हणाले. "पौर्णिमेलाच उरकू."

"मग चूलबंद आवतण आलंच."

"आलंच! राजाची वास्तुशांत आहे. गावातली एकही चूल त्या दिवशी पेटता कामा नये. सगळे आमच्याकडे जेवतील."

"आणि वास्तूचं जेवण वास्तूतच शिजतं, नाही का?"

"अर्थात," राजे म्हणाले. पंतांचं हसू तेवढं मावळलं.

पौर्णिमेला अख्खा गाव माळावर चढला. एवढ्या माणसांचा स्वयंपाक एका घरात थोडाच मावतो? प्रत्येक घरात चूल पेटली. कुठे आमटी, कुठे भात, कुठे पुरण. घराघरातून धूर निघाला आणि सूर्य अजून कासराभर वर होता.

मोठ्या घरात राणीसाहेब दूध उतू घालवायला बसल्या होत्या. मी खिडकीतच होते. दार नेमकं वाऱ्याच्या तोंडाला, त्यामुळे चूल पुन्हा पुन्हा विझायची. फुंकून फुंकून बाईंचे डोळे लाल झाले. राजांनी पाणी मागितलं. पाणक्या नदीवर उतरला होता. पुन्हा मागितलं. पाणक्या चढत होता. तोवर वाऱ्यानं राजांच्या पानात माती आणून वाढली.

तेवढ्यात पंत म्हणाले, "महाराज, ही फसवणूक आहे. हे सगळे पाहुणे. जेवतील आणि जातील."

"अट धुराची होती," येसूवहिनी म्हणाली. "पण राहिलं. महाराज इथे राहणार असतील तर आमची आळीही उद्या बोचकी बांधून वर येईल. राजा तिथे प्रजा."

"मी?" राजे म्हणाले. "मी कसा राहीन इथे? प्यायचं पाणी खालून आणायचं, सावलीला झाड नाही, चूल पेटत नाही, चिमूटभर मीठ हवं तर गावात उतरा. माणसानं इथे..."

राजे थांबले. पंगतीत सगळे मान खाली घालून भात कालवत होते.

येसूवहिनीनं पदर सावरला. "दिवाणजी, महाराजांची तक्रार आहे. लिहून घ्या. आमची नाही घेतलीत, ही तरी घ्याल ना?"

राजे आधी गोरेमोरे झाले. मग त्यांना असं हसू फुटलं की हातातला लाडू पानात पडला. राणीसाहेब तर चुलीपुढून उठून हसायला बाहेर आल्या.

"आळी हलणार नाही," राजे डोळे पुसत म्हणाले. "राजवाड्यातले सगळे फेटे यापुढे तुमच्याच आळीत रंगतील. आणखी काय हवं ते माग."

"जास्त काही नको. वास्तुशांत झालेलं घर रिकामं ठेवू नये म्हणतात. महाराजांना तर गैरसोय होते. मग ज्यांनी पेठ आखली त्यांनीच महाराजांच्या वतीनं इथे निजावं. आजची रात्र, आणि माळावर पाण्याची सोय होईपर्यंत रोजची."

राजे पुन्हा हसत सुटले. "पंत, अंथरूण मागवा!"

पेठ आखायला पंतांना दोन वर्षं लागली होती. विहीर मात्र दिवाळीच्या आत खणून झाली.