राहून गेलेलं दार

फार वर्षांमागे डोंगराच्या पायथ्याशी चाळीस उंबऱ्यांचं एक ख्रिस्ती गाव होतं. गाव लहान, पण तिथल्या मंडळीला, म्हणजे चर्चच्या सगळ्या लोकांना, स्वतःचा अभिमान मोठा होता. तो अगदीच फुकटचा नव्हता, हे मी आधीच सांगून टाकतो. आपल्या गावात कोणी उपाशी झोपत नाही, असं ते लोक पाहुण्यांना छाती फुगवून सांगत, आणि बहुतेक वेळा ते खरंही असे.

यामागे त्यांची एक जुनी रीत होती. घरची बाई रोज दळायला बसली, की जात्यात घालण्याआधी एक मूठ ज्वारी बाजूला काढून गाडग्यात टाकी. तिला म्हणत 'प्रभूची मूठ'. दर शनिवारी मंडळीचा डीकन, म्हणजे सेवक, खांद्यावर पोतं टाकून दारोदार फिरे आणि आठवड्याच्या मुठी गोळा करी. रविवारी उपासनेत त्या धान्यावर प्रार्थना होई. मग तोच डीकन ते विधवांच्या, आजाऱ्यांच्या, हातपाय थकलेल्यांच्या घरी पोचवून येई. कुणाची मूठ मोठी, कुणाची लहान, हे पोत्यात पडल्यावर कळत नसे.

एके वर्षी गावचा म्हातारा डीकन देवाघरी गेला. चांगला माणूस होता, सगळं गाव रडलं. पण रडून झाल्यावर शनिवार आला आणि पोतं कोण उचलणार हा प्रश्न पडला.

पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, मंडळीला बसवलं. "डीकन निवडायचा म्हणजे गावचा पुढारी निवडायचा नाही," ते म्हणाले. "माणूस शब्दाचा पक्का हवा, निर्व्यसनी हवा, हावरा नको, आणि त्याच्या स्वतःच्या घरात शांती हवी. नावं सुचवा."

नावं आली तीन. पहिलं मास्तरांचं. अर्ध्या गावाला त्यांनी अक्षरं शिकवली होती आणि उरलेल्या अर्ध्याचे कान पिळले होते. दुसरं बागाईतदाराचं. त्याची विहीर उन्हाळ्यातही आटत नसे, आणि मनही तसंच होतं. तिसरं नाव मागे बसलेल्या कुणीतरी घेतलं, शांतवन कल्हईवाल्याचं. शांतवन पितळेच्या भांड्यांना कल्हई करीत गावोगाव फिरे. त्याचे तळहात भट्टीनं कायमचे काळे झाले होते, आणि बोलणं असं की दोन शब्दांत भागत असेल तर तिसरा काढायचा नाही. चार वर्षांपूर्वी तो या गावात राहायला आला होता.

"मला नका उभं करू," तो म्हणाला.

"म्हणूनच करतो," पाळक म्हणाले. "तिघांनी एकेक आठवडा हे काम करा. चौथ्या आठवड्यात निवड. नेहमीप्रमाणे ज्या घरून मूठ येते, त्या घरानं एक हात वर करायचा."

मग ते थोडं थांबले. "आणखी एक. राहेलआजींचं काहीतरी करायला हवं."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. राहेलआजी म्हणजे मंडळीच्या अभिमानाला टोचणारा काटा होता. तिचा नवरा सुतार. चर्चची दारं त्यानंच घडवलेली. अकरा वर्षांमागे तो वारला, आणि मूलबाळ नसल्यानं आजी एकटी उरली. तेव्हापासून दर रविवारी मंडळी तिला धान्य पाठवी आणि दर रविवारी आजी ते परत पाठवी. शेंगा फोडून, वाकळा शिवून ती आपलं पोट भरी. पण त्या वर्षी पाऊस झाला नव्हता, शेंगा नव्हत्या आणि वाकळा शिवून घ्यायला कुणाकडे सवड नव्हती. मागच्या रविवारी उपासनेला येताना आजी वाटेत चक्कर येऊन पडली होती. उचलणाऱ्या बायकांना ती हाताला लागलीच नाही, इतकी हलकी झाली होती.

"आपला माणूस उपासानं गेला, तर आपण कुठल्या तोंडानं गाणी गायची?" पाळक म्हणाले. "ज्याच्या हातून आजी धान्य घेईल, त्यालाच माझ्या मते हे काम कळलं."

पहिला आठवडा मास्तरांचा. शनिवारी त्यांनी मुठी गोळा केल्या, रविवारी घरोघर पोचवल्या आणि शेवटी आजीच्या ओट्यावर बसून तिला चांगलं तासभर समजावलं. देवानं दिलेलं नाकारणं हा गर्व आहे आणि गर्व हे पाप आहे, हे त्यांनी चार दाखले देऊन सिद्ध केलं. आजीनं सगळं ऐकलं. मग उठून तांब्या आणला.

"मास्तर, घसा कोरडा झाला आसंल. पाणी घ्या," ती म्हणाली. "आन् जाताना तेवढं पोतं न्या."

दुसरा आठवडा बागाईतदाराचा. त्याला समजावणं वगैरे जमत नसे. त्यानं मंडळीच्या धान्यात घरची भर घातली, पोतं काठोकाठ भरलं आणि रविवारी झुंजुमुंजू असतानाच आजीच्या दारात ठेवून पळून आला. आता घेतल्यावाचून जाते कुठं, असं त्याला वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्याचा हेतू सोन्यासारखा होता.

सकाळी उपासनेची घंटा झाली. लोक चर्चकडे निघाले, तर रस्त्यात राहेलआजी. पोतं उचलणं तिच्या ताकदीबाहेरचं होतं, म्हणून त्याला दोरी बांधून ती ते ओढत आणत होती. चार पावलं ओढायची, थांबायची, पुन्हा चार पावलं ओढायची. कुणी हात लावायला गेलं की "राहू द्या" म्हणायची. अख्ख्या गावादेखत तिनं ते पोतं चर्चच्या पायरीला लावलं आणि आत जाऊन आपल्या जागी बसली. बागाईतदाराच्या डोळ्यांत पाणी आलं. बाकीचे मात्र चिडले.

"काय हा ताठा," बायका कुजबुजल्या. "मरंल पर वाकायची न्हाई."

तिसरा शनिवार शांतवनचा. त्यानं पोतं खांद्यावर टाकलं आणि गावाच्या वरच्या टोकापासून सुरुवात केली. दार आलं की थांबायचं, हाक द्यायची, मूठ घ्यायची, पुढं जायचं. करता करता तो राहेलआजीच्या दाराशी आला आणि तिथंही थांबला.

समोरच्या ओट्यावरून शेजारीण ओरडली, "आरं, ते घर सोड. तिथं न्हाई मागायचं."

"का?"

"का म्हंजे? म्हातारीचा नवरा गेला तवाच जुन्या डीकननं सांगितलंय, बिचारीकडनं काय मूठ घ्यायची. अकरा वर्सं झाली, कुणी मागत न्हाई."

शांतवननं पोतं खांद्यावरून खाली उतरवलं. त्याच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात. गल्लीत शिरलं की दार चुकवायचं नाही. कल्हईवाला शेजारच्या दोन्ही घरी थांबला आणि मधलं घर टाकून गेला, तर त्या घरची बाई वर्षभर त्याचं तोंड बघत नाही. तिच्याकडे कल्हईला भांडं असो नसो, विचारायचं असतं. न विचारणं म्हणजे तुझ्या घरात भांडंच नाही असं चारचौघांत सांगणं. हे चार गावच्या बायकांनी त्याला चांगलं खडसावून शिकवलं होतं.

तो दाराकडे वळला आणि त्यानं नेहमीच्या आवाजात हाक दिली. "आजी, प्रभूची मूठ."

आत काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला. मग आजी चौकट धरून दारात उभी राहिली.

"कुणाला म्हनलास?"

"तुमाला. शनिवार हाय."

आजी आत गेली. येताना दोन्ही हातांत एक गाडगं धरून आली. एकही दाणा सांडला नाही. गाडग्यात तळाला ज्वारी होती, सात दिवसांच्या सात मुठी.

"रोज काढते," ती म्हणाली. "धनी व्हते तवा काढत व्हते, गेले तरी काढते. शनिवारी उंबरा झाडून बसते. तुमी लोक या दारावरनं त्या दाराला जाता. मग ऐतवारच्या सांजेला माझीच मूठ माझ्याच मडक्यात परत वतते. त्या दिसाची भाकर घशाखाली जात न्हाई, बाबा."

शांतवननं पोत्याचं तोंड उघडून धरलं.

"औंदा मूठ बारीक झालीया," आजी संकोचून म्हणाली.

"पोत्याला कळत न्हाई," शांतवन म्हणाला.

आजीनं गाडगं ओतलं, तळ झटकून शेवटचा दाणाही काढला, आणि तो दिसेनासा होईपर्यंत दारात उभी राहिली.

इकडे शेजारणीनं काम चोख केलं. अंधार पडायच्या आत गावभर झालं, की शांतवननं उपाशी म्हातारीच्या घरातलं धान्य काढून नेलं. कुणी म्हणालं पायलीभर, कुणी म्हणालं सगळं मडकंच पालथं केलं. रविवारी लोक चर्चमध्ये आले ते तापूनच. प्रार्थना होताच मास्तर उभे राहिले.

"पाळकसाहेब, डीकन गरिबाला देण्यासाठी असतो. ह्या गृहस्थानं गरिबाच्या ताटातलं उचललं. ह्याचं नाव काढून टाका."

माना डोलल्या. पाळकांनी शांतवनला विचारलं, "खरं आहे का?"

"व्हय. मागितली, त्यांनी दिली."

"का मागितलीस?"

शांतवननं आपल्या काळ्या हातांकडे पाहिलं. एवढ्या लोकांपुढं कल्हईचं आणि दारांचं कसं सांगावं, हे त्याला उमगेना. "त्यांचं घर वाटंतच हाय," एवढंच तो म्हणाला. कुणीतरी हसलं. मास्तर खाली बसले, म्हणजे त्यांच्या लेखी प्रकरण मिटलं होतं.

तेवढ्यात मागच्या सतरंजीवरून राहेलआजी उठली. अकरा वर्षांत ती मंडळीत एक शब्द बोलली नव्हती, त्यामुळे सगळे वळून बघू लागले.

"मी बोलते," ती म्हणाली. "तुमी मला लई दिलंत. दर ऐतवारी आणलंत, मी परत धाडलं, तरी आणत राहिलात. तुमची मनं चांगली हायत. पर ज्या दिशी माझा धनी गेला, त्याच्या पुढच्या शनिवारी डीकन माझ्या दारावरनं निघून गेला. मी गाडगं घेऊन उभी व्हते. तवाच मला कळलं, की मी आता मंडळीची न्हाई, मंडळीच्या दयेची झाले. मंडळीत काही ठरवायचं आसलं की तुमी सगळ्यांनी हात वर करायचे आन् मी मांडीवर ठेवायचे. मग तुमचं धान्य मी कोन म्हनून घ्यावं?"

आजी मास्तरांकडे वळली.

"काल ह्यानं मूठ मागितली," आजी म्हणाली. "त्यानं माझं काही नेलं न्हाई. मास्तर, माझं हरवल्यालं मला आणून दिलं."

पाळक वेदीपाशी उभे होते, ते खाली उतरून सतरंजीपर्यंत आले. "राहेलबाई, आम्ही चुकलो," ते म्हणाले. "आम्हाला वाटत होतं आम्ही दया करतोय. मंडळीला क्षमा करा." पाळकानं मंडळीदेखत क्षमा मागितलेली त्या गावानं त्याआधी पाहिली नव्हती.

चौथ्या आठवड्याची वाट कुणी पाहिली नाही. पाळकांनी तिथंच विचारलं, "ज्या घरून मूठ येते, त्या घरानं सांगावं. शांतवन डीकन व्हावा असं कुणाला वाटतं?"

पहिला हात राहेलआजीचा वर गेला. सुरकुतलेला, काडीसारखा हात, पण कोपरात जरासुद्धा वाकलेला नव्हता. दुसरा बागाईतदाराचा. मग भराभर बाकीच्या घरांचे हात वर झाले, त्यात शेजारणीचाही होता. सगळ्यात शेवटी मास्तर उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी मुलांना चूक कबूल करायला लावलं होतं, आता पाळी त्यांची होती. "माझं चुकलं," ते मोठ्यानं म्हणाले आणि त्यांनी हात वर केला. मला विचाराल तर त्या दिवशी मास्तरही उंच झाले.

शांतवन गुडघे टेकून बसला. पाळकांनी आणि वडीलमंडळींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवले, प्रार्थना केली आणि त्याला मंडळीचा सेवक म्हणून नेमलं. तो उठला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

लोक आता गाणं सुरू करणार, तोच राहेलआजी पुढं चालत आली. वेदीपुढच्या धान्याच्या पोत्याजवळ येऊन तिनं लुगड्याचा पदर दोन्ही हातांनी पसरला. तिची मान ताठ होती.

"डीकन," ती म्हणाली, "माझा वाटा घाल. लई भूक लागलीया."

शांतवननं ओंजळी भरभरून घातलं. आजीनं पदराची गाठ मारली, ओझं कमरेवर घेतलं आणि नवऱ्यानं घडवलेल्या दारातून ताठ मानेनं घरी गेली. थोड्या वेळानं तिच्या छपरातून धूर निघाला, तेव्हा चर्चच्या पायऱ्यांवर उभं असलेलं सगळं गाव एकमेकांकडे बघून हसत होतं.

त्या वर्षापासून त्या गावात एक नियम झाला. विधवा असो, आजारी असो की कुणी एकटंदुकटं, शनिवारी एकही दार चुकवायचं नाही. आजही तिथले लोक पाहुण्यांना छाती फुगवून हीच गोष्ट सांगतात, आणि आपली चूकही त्यातून गाळत नाहीत. म्हणून मला ते गाव आवडतं.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: गरिबाला देणारे पुष्कळ भेटतात, पण त्याच्याकडे बरोबरीनं मागण्याइतका जो त्याचा मान राखतो, तोच खरा सेवक.