वाऱ्यासाठी कागद

"आजचा पेपर वाचलात, फादर?"

फादर दोनातोंनी नुसती मान हलवली. ते घाटमाथ्यावरच्या प्रार्थनाघरासमोरचा बर्फ फावड्याने ओढत होते.

नेवियोने पेपर त्यांच्या नाकापुढे धरला. "'साल्वेत्ती संपला!' हा एवढा मोठा मथळा. म्हणे, उतार दिसला की हा ब्रेक धरून बसतो. मी!"

नेवियो साल्वेत्ती म्हणजे इटलीतल्या घाटांचा लाडका सायकलपटू. लोक रस्त्यावर चुन्याने त्याचं नाव लिहायचे, आणि खरं सांगायचं तर त्यामुळे गडी जरा फुगलाही होता. गेल्या वर्षी शर्यतीत याच घाटातून उतरताना तो कठड्यावर आदळला. मांडीचं हाड जुळलं. बाकीचं काही जुळेना.

उद्याची शर्यत पुन्हा याच घाटातून होती. सकाळी तो सरावाला चढून आला तो दुपार झाली तरी माथ्यावरच. खाली संघाचे व्यवस्थापक वाट बघत होते. आज धड उतरला नाही, तर उद्या त्याच्या जागी दुसरा. मग पुढच्या हंगामात त्याला विचारतंय कोण?

"खोटं लिहिलंय का?" फादरांनी विचारलं.

"नाही, फादर. खरं आहे." नेवियोने पेपर खाली घेतला. "वळण आलं की मला रस्ता दिसतच नाही. कठडाच दिसतो. हात आपोआप ब्रेकवर जातात... दोनदा निघालो, दोनदा परत फिरलो. भीती वाटते हो."

"हं."

"नुसतं हं काय? काहीतरी सांगा ना! ही भीती कशी जाईल?"

"मला काय माहीत?" फादरांनी फावडं भिंतीला टेकवलं. "घामाने चिंब झालायस. असाच उतरलास तर छातीत गारठा भरेल."

घाट चढून आलेले सायकलपटू उताराला लागण्याआधी जर्सीखाली वर्तमानपत्राचा कागद घालतात. वारा अडतो. शर्यतीच्या दिवशी फादर स्वतः रद्दीचा गठ्ठा घेऊन वळणावर उभे राहत.

"द्या एखादा कागद," नेवियो म्हणाला.

फादरांनी त्याच्याच हातातला पेपर घेतला. दोन घड्या घातल्या. त्याच्या जर्सीची चेन खाली ओढली आणि पेपर छातीवर सरकवला.

"हा? हा नको, फादर! दुसरा कुठलाही द्या..."

फादर घडी सारखी करत राहिले.

नेवियोने सायकल धरली. एक पाय पेडलवर गेला... आणि तो थांबला.

"मथळा छातीलाच लागतोय, फादर. निदान उलटा तरी घाला."

फादरांनी चेन पार गळ्यापर्यंत ओढली.

"नीघ आता. वाऱ्याला वाचता येत नाही."