जमादाराने वाचलेला अध्याय

"मग लपवू कुठं, बुवा? विहिरीत की कणगीत?"

विसाजीने स्वतः लिहिलेली पोथी छातीशी धरली होती. गावोगाव लोक ती मोठ्याने वाचत होते, म्हणून राजाने ती जाळायचा हुकूम काढला होता.

सोनबुवा वाचनासाठी सतरंजी अंथरत होते. "चौरंगावर ठेव. तिची नेहमीची जागा."

"माझं आयुष्य आहे त्यात. या मुलखात दुसऱ्या कुणाला असं लिहिता आलं असतं का?"

"म्हणून तर लपवू नये."

बाहेर घोडा थांबला. तुरुंगाचा जमादार राणोजी आत आला. कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

"हीच का ती?"

"वाचून खात्री करा, जमादार," बुवा म्हणाले. "फक्त अध्याय सुरू केला की अर्धा सोडायचा नाही. पाप लागतं."

"मला शिकवता? आमच्या घरीही पोथी आहे." राणोजीने जोडे काढले आणि तो मांडी घालून बसला.

अध्याय एका आईचा होता. ती रोज भाकरी घेऊन तुरुंगाच्या दाराशी येते आणि पहारेकऱ्याला विचारते, माझं लेकरू जिवंत आहे का, एवढंच सांग.

राणोजी खणखणीत वाचू लागला. मग आवाज खाली आला. पुढे पुढे तर ती आईच त्याच्या तोंडून बोलू लागली...

विसाजीला आपलेच शब्द ओळखू येईनात. त्याने नकळत हात जोडले.

अध्याय संपला.

"त्या पहारेकऱ्यानं दार उघडलं का?" राणोजीने विचारलं.

"ते पुढच्या अध्यायात."

"पुढं पानंच नाहीत, बुवा."

बुवांनी पोथी मिटून त्याच्यापुढे सरकवली.

राणोजीने पोथी फडक्यात बांधली. "हुकूम आहे," तो खाली बघत म्हणाला आणि निघून गेला.

"दिलीत तुम्ही ती..." विसाजी म्हणाला. "आणि पुढचा अध्याय मी लिहिलेलाच नाही. त्या पहारेकऱ्याचं काय करावं, मला सुचलंच नाही."

बुवा दारातून वेशीकडे बघत होते. तिथे दोन वाटा फुटतात. एक चावडीकडे जाते. तिथे पोथ्यांची होळी पेटली होती.

घोड्याची धूळ दुसऱ्या वाटेवर उठत होती. तुरुंगाच्या.

विसाजी कितीतरी वेळ बघत राहिला. मग सतरंजी गुंडाळू लागला.

"राहू दे ती," बुवा म्हणाले. "पुढचा अध्याय सांगायला तो येईल."